जर्मनच्या तासाला मराठी चालेल का?

खडूधूळ:
पुण्यात जर्मन शिकवणाऱ्या शाळा भरपूर आहेत आणि नव्या शिक्षकाला सगळीकडे एकच मंत्र मिळतो: वर्गात फक्त जर्मन बोला. प्रत्यक्षात काय होतं? मुलांचे चेहरे कोरे दिसले की शिक्षक गुपचूप इंग्रजीवर येतो. माझं म्हणणं एवढंच की दुसऱ्या भाषेचा आधार घ्यायचाच असेल तर तो मराठीचा घ्या, निदान वाक्यरचनेसाठी तरी.

‘मिर इस्ट काल्ट’ हे वाक्य घ्या. ‘मला थंडी वाजते’ हाच साचा. ‘मला’च्या जागी ‘मिर’. इंग्रजीवरून येणारा मुलगा हमखास ‘इश बिन काल्ट’ म्हणतो, आणि त्याचा अर्थ ‘मी थंड स्वभावाचा आहे’ असा निघतो. ‘मिर गेफेल्ट डास’ म्हणजे ‘मला हे आवडतं’. आवडणारी वस्तू दोन्हीकडे कर्ताच आहे. मुलं ‘मला’वाली वाक्यं दिवसभर बोलतात, मग दातिवचा (‘मला’, ‘तुला’ अशा रूपांच्या विभक्तीचा) तक्ता फळ्यावर उतरवून घाबरवायचं कशाला?

‘वाइल’ आलं की क्रियापद शेवटी जातं. ‘वाइल इश क्रांक बिन’, ‘कारण मी आजारी आहे’. शब्दाला शब्द जुळतो. इथे चुकणारी मुलं बहुतेक इंग्रजीतून विचार करत असतात.

मधली_सुट्टी:
वाक्यरचनेपुरतं मान्य. पण हे दार उघडलं की मागून लिंगं आत येतात, त्याचं काय? मराठीत तीन लिंगं आहेत, म्हणून संकल्पना समजवावी लागत नाही, हे खरं. पण नेमकं तिथेच पोरं फसतात. टेबल ‘ते’, जर्मनमध्ये ‘डेर टिश’ (नामाआधीची आर्टिकलं: डेर पुल्लिंगी, डी स्त्रीलिंगी, डास नपुंसकलिंगी). खुर्ची ‘ती’, पण ‘डेर श्टूल’. दार ‘ते’, पण ‘डी ट्यूर’. सूर्य ‘तो’, पण ‘डी झोने’. ‘डास बूख’ आणि ‘ते पुस्तक’ योगायोगाने जुळतं, आणि दोन-तीन शब्द असे जुळले की मूल त्यालाच नियम समजतं.

लिंगासाठी मराठी पूर्ण बंद ठेवावी. शब्द सुटा द्यायचाच नाही. कार्डावर आर्टिकल, शब्द आणि अनेकवचन तिन्ही हवं: डेर श्टूल, डी श्ट्यूले. डेर निळ्या शाईत, डी लाल, डास हिरव्या. फळ्यावरही तेच रंग वापरा, नाहीतर वहीतले रंग नुसती नक्षी ठरतात. पुढे प्रत्यय द्या: -उंग, -हाइट, -काइट असेल तर डी, -शेन असेल तर डास. म्हणून ‘मेडशेन’ (मुलगी) नपुंसकलिंगी. मुलांना हे फार विनोदी वाटतं, त्यामुळे लक्षातही राहतं.

आणि वेळेचं गणित बघा. तास ३५ मिनिटांचा, वर्गात ४० मुलं. शिक्षक एक अक्षर बोलला नाही तरी एकेकाच्या वाट्याला ५२ सेकंद येतात. त्यात तुमचं मराठी निरूपण कुठे बसवणार?

खडूधूळ:
त्याच गणितावरून उलटं सांगतो. दातिव हावभावांनी आणि चित्रांनी समजवायला गेलात तर दहा-बारा मिनिटं जातात, तरी मागच्या दोन रांगांना पत्ता नसतो. मराठीत दोन मिनिटांत काम होतं. उरलेल्या वेळात जोड्या लावा. वीस जोड्या एकदम बोलल्या तर ते ५२ सेकंदांचं गणितच मोडतं. गोंगाट होतो, शेजारच्या वर्गाची तक्रार येते, ती ऐकून घ्यायची.

पथ्य एकच: मराठी फक्त समजावताना. सूचना मात्र रोज त्याच जर्मनमध्ये. वही उघडा, पुन्हा म्हणा, जोडीत बोला, ऐका, कोण सांगतं, अशी दहा-बारा वाक्यं भिंतीवर लावा आणि त्यांचं भाषांतर कधीही करू नका.

शेवटचा_बाक:
दोघंही धरून चालला आहात की मुलांना मराठी चांगली येते. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने मराठी सगळ्या शाळांत सक्तीची झाली हे खरं, पण विषय म्हणून शिकणं वेगळं आणि त्या भाषेत मोजणं वेगळं.

आकडेच बघा. ‘फ्युन्फउंडफिअर्त्सिश’ आणि ‘पंचेचाळीस’, दोन्हींत आधी पाच, मग चाळीस. आयता फायदा. पण इंग्रजी माध्यमाच्या सातवीत ‘पंचेचाळीस’ म्हणून पाहा. अर्धा वर्ग विचारेल, ‘म्हणजे फॉर्टी फाइव्ह का?’ ज्यांना येतं त्यांनाही एकोणतीस आडवा येतो, कारण मराठी तिसाकडून मोजते आणि जर्मन सरळ नऊ-आणि-वीस म्हणते. त्यापेक्षा वहीत दोन चौकोन आखा. ‘उंड’च्या (म्हणजे ‘आणि’च्या) आधी ऐकू आलेला अंक उजव्या चौकोनात, नंतरचा डाव्यात. ५४ आणि ४५ ची अदलाबदल थांबते. सवय झाली की चौकोन काढून टाका.

घड्याळात मात्र मराठी खरोखर उपयोगी पडते. ‘हाल्ब द्राय’ (शब्दशः ‘अर्धे तीन’) म्हणजे अडीच, पण मुलं साडेतीन लिहितात. त्यांना ‘पावणेतीन’ आठवायला सांगा. पावणेतीनमध्ये तीन अजून वाजायचे असतात, तसंच ‘हाल्ब द्राय’मध्येही.

शब्दसंग्रहात इंग्रजीला तोड नाही. वॉटर-वासर, टेन-त्सेन, ॲपल-आप्फेल, शिप-शिफ. तिथे मराठीचा हट्ट कशाला?

मधली_सुट्टी:
उच्चारांचं राहिलंच. इथे देवनागरीत लिहितोय ते ठीक, पण मुलांच्या वहीत जर्मन शब्दावर देवनागरी लिहू देऊ नका. ‘यू’वरचे दोन ठिपके (ü) ‘यु’ किंवा ‘उ’ होऊन बसतात आणि मग निघत नाहीत. ओठ ‘ऊ’चे, जीभ ‘ई’ची, एवढं तोंडी सांगा. ‘त्सेन’चा पहिला आवाज ‘चमचा’तला च आहे. ‘इश’ खरं तर ‘इश’ नाहीच. ‘ह्या’तला ह्य कुजबुजून म्हटला की जवळ जातं. हे सांगायला मराठी जरूर वापरा. मला त्यावर आक्षेप कधीच नव्हता.

आक्षेप आहे तो मुख्य वाक्याबद्दल, आणि खडूधूळ यांनी ते सोयीस्कर टाळलं. ‘होइटे गेहे इश इन्स कीनो’. क्रियापद दुसऱ्या जागी. मराठीत ‘आज मी सिनेमाला जातो’, इंग्रजीतही ‘आज’नंतर ‘मी’च. दोन्ही भाषा मुलाला ‘होइटे इश गेहे’कडेच ढकलतात. पहिल्या दोन वर्षांत सर्वांत जास्त लाल शाई इथेच जाते.

खडूधूळ:
इथे मराठी निरुपयोगी, मान्य. इंग्रजीसुद्धा. मग तुम्ही काय करता?

मधली_सुट्टी:
चार मुलं पुढे, चौघांच्या हातात कार्डं: इश, गेहे, होइटे, इन्स कीनो. ‘गेहे’वाल्याभोवती जमिनीवर खडूने चौकोन आखायचा, त्याने हलायचं नाही. ‘होइटे’ पुढे आली की ‘इश’ला उठून क्रियापदाच्या मागे जावंच लागतं, कारण पुढे एकालाच जागा. पहिल्यांदा ‘इश’ तिथेच चिकटून राहतो. वर्ग ओरडून त्याला हलवतो, तुम्ही गप्प राहायचं. मग ‘इन्स कीनो’ला पुढे आणा, तीच कसरत. हो-नाही उत्तराचा प्रश्न करायचा असेल तरच ‘गेहे’ने चौकोन सोडून पहिल्या जागी यायचं. सगळं सात-आठ मिनिटांत होतं, आणि त्यात मराठीचा एक शब्द लागत नाही.