चौदा पीएलसींवर प्रोग्रॅम आपोआप कसा टाकायचा?

प्रश्न (मेंटेनन्स, चाकण): वेल्डिंग शॉपमध्ये चौदा एस७-१५०० (सीमेन्सचे पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारे कंट्रोलर) आणि तितकेच कम्फर्ट पॅनेल (ऑपरेटरसाठीचे स्क्रीन) आहेत. एक अलार्म बदलला तरी लॅपटॉप घेऊन प्रत्येक स्टेशनपाशी जावं लागतं. रविवारच्या शटडाउनमध्ये उरकतच नाही. काही मार्ग आहे का?

उत्तर १: टीआयए पोर्टल या सीमेन्सच्या प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअरचं ओपननेस वापरा, म्हणजे ते आपल्या कोडमधून चालवता येतं. सी-शार्प भाषेतल्या कोडनं प्रोजेक्ट उघडायचा, कंपाइल करायचा, एरर नसेल तरच पीएलसीत डाउनलोड. विंडोज युजर ‘सीमेन्स टीआयए ओपननेस’ ग्रुपमध्ये हवा, नाहीतर सुरुवातच होत नाही. पॅनेलच्या ट्रान्सफर सेटिंगमध्ये ‘ऑटोमॅटिक’ ठेवा, म्हणजे तिथं जाऊन रनटाइम (पॅनेलवर चालू असलेला प्रोग्रॅम) बंद करायला नको.

उत्तर २: कळकळीनं सांगतो, डेटा ब्लॉक (पीएलसीत व्हॅल्यू साठवायची जागा) जपा. रचना बदलून डाउनलोड केलंत, तर चालू व्हॅल्यू पुसल्या जाऊन प्रोग्रॅममध्ये लिहिलेल्या स्टार्ट व्हॅल्यू बसतात. ऑपरेटरनं महिनोन्‌महिने जमवलेले वेल्ड करंटचे सेटपॉइंट एका क्षणात जातात! आधी स्नॅपशॉट (चालू व्हॅल्यूंची नोंद) घ्या. हार्डवेअर कॉन्फिगरेशन बदललं असेल तर सीपीयू स्टॉपला जातो, म्हणजे प्रोग्रॅम थांबतो. तेव्हा लाइनवर माणूस उभा असल्याशिवाय बटण दाबू नका.

प्रश्नकर्ता: स्नॅपशॉटचं ध्यानातच आलं नव्हतं, आभार. आधी एकाच स्टेशनवर करून बघतो.