मदत हवी आहे : बेरिंबाऊचा वरचा स्वर निघत नाही, नुसती खरखर होते

मांडवीकाठ (धागालेखक) :
मी सध्या ब्राझीलमधील साल्व्हादोर येथे राहतो आणि एका गटात कपोएरा अंगोला (कपोएरा या ब्राझीलमधील संगीताच्या साथीने खेळल्या जाणाऱ्या लढतीची एक शैली) शिकतो. येथील बाजारातून बेरिंबाऊ (कपोएराच्या साथीला वाजणारे, भोपळा बांधलेले एकतारी धनुष्य) घेतला आहे. त्याचा मोकळा स्वर बसका येतो आणि नाणे टेकवून काढायच्या वरच्या स्वराऐवजी नुसती खरखर ऐकू येते. विक्रेत्याने 'हात बसला की वाजेल' एवढे सांगून माझी बोळवण केली. रविवारच्या होदात (कपोएराच्या रिंगणात) वाद्यांच्या रांगेत बसण्याची संधी मिळणार असल्याने उपाय लगेच हवा आहे. 'गुरूंना विचारा' असे कृपया सुचवू नये. ते तोपर्यंत गावाबाहेर आहेत.

तारषड्ज :
एवढ्या माहितीवरून निदान करणे कठीण आहे. धनुष्याची काठी किती लांब आहे, तार कशाची आहे, भोपळा खालच्या टोकापासून किती अंतरावर बांधला आहे आणि त्याची दोरी तारेला काठीकडे घट्ट ओढून धरते का, हे कळवावे. बेरिंबाऊच्या तीन प्रकारांपैकी हा गुंगा (खालच्या स्वराचा) आहे, मेदिओ (मधला) आहे की व्हिओला (वरच्या स्वराचा), हेही आपण लिहिलेले नाही. कपोएरा अंगोलाच्या रांगेत हे तिन्ही एकत्र वाजतात आणि तिघांची कामे वेगळी असतात.

रानवाटा :
आधी तार बदलावी. जुन्या टायरमधून काढलेल्या तारेला रबर चिकटलेले असते आणि ती लवकर गंजते. मी पियानोची तार वापरतो आणि तिचा स्वर स्वच्छ येतो. बाकीच्या चौकशीत वेळ घालवण्याची गरज नाही.

भीमातीर :
रानवाटा यांच्याशी मी सहमत नाही. बाहियात (साल्व्हादोर ज्या राज्यात आहे तेथे) पिढ्यानपिढ्या वादक टायरचीच तार वापरत आले आहेत. ती पॉलिश कागदाने नीट घासली की रबर आणि गंज दोन्ही जातात, आणि तिचा किंचित खरबरीत आवाजच बेरिंबाऊला शोभतो.

कोकणकडा :
या निमित्ताने एक माहिती देतो. गुजरातमधील सिद्दी समाजात मलुंगा नावाचे असेच एकतारी धनुष्य वाजवले जाते. त्यालाही भोपळा असतो आणि तारेवर काठीनेच आघात करतात. म्हणजे बेरिंबाऊ आपल्याकडेही आहे. हे वाद्य टिकावे यासाठी कोणीतरी मनापासून प्रयत्न केले पाहिजेत.

भीमातीर :
मलुंगाची आठवण काढलीत, हे फार चांगले झाले. मात्र दोन्ही वाद्ये एकच म्हणणे बरोबर नाही. बेरिंबाऊचे जवळचे नातलग अंगोला देशातील हुंगू आणि म्बुलुम्बुम्बा आहेत, तर सिद्दींचे पूर्वज बहुतांश पूर्व आफ्रिकेतून आले. शिवाय ब्राझीलमध्येही हे धनुष्य आरंभापासून कपोएराशी जोडलेले नव्हते. १८१६ ते १८३१ या काळात तेथे राहिलेल्या देब्रे या फ्रेंच चित्रकाराने ते एका अंध भटक्या वादकाच्या हाती दाखवले आहे, आणि त्याच सुमारास रुगेंडास या जर्मन चित्रकाराने काढलेल्या कपोएराच्या चित्रात साथीला ढोल दिसतो.

मांडवीकाठ :
इतिहास नंतर वाचेन. काठी सुमारे दीड मीटर असून तिच्यावर रंगीत पट्टे आहेत. भोपळा जवळजवळ मध्यावर आहे. मी तो हलवलेला नाही. दोरी सैल असल्याने तो वरखाली सरकतो. तार कायम चढवलेलीच असते. नाणे सध्या चलनात असलेले १ रेआलचे आहे.

तारषड्ज :
आता चित्र स्पष्ट झाले. तारेचा दोष असेलच असे नाही, म्हणून ती इतक्यात बदलू नका. भोपळ्याची दोरी हीच येथे घोडीचे काम करते : ती तारेचे दोन भाग पाडते आणि वरचा लांब भाग मुख्य स्वर देतो. दोरी सैल असेल तर स्वराला आधारच उरत नाही. भोपळा खालच्या टोकापासून सुमारे एक वीत अंतरावर आणा, दोरी आखूड करून पुन्हा गाठ मारा आणि तार व काठी यांच्यावरून ती जोर लावूनच सरकवावी लागेल इतकी घट्ट ठेवा. वाजवून झाल्यावर तार उतरवत चला, कारण कायम ताणाखाली राहिलेली काठी हळूहळू आपला जोर गमावते. पुन्हा चढवताना काठीला गुडघ्याने बाक द्या, तार ताणून धरा आणि मगच टोकाला गुंडाळा.

नाण्याबद्दल सांगायचे तर, ते दोरीला अगदी लगटून टेकवल्यास स्वर फारसा चढत नाही. दोरीपासून थोडे वर, तारेवर ठामपणे दाबा आणि वाजवायच्या बारीक काठीचा आघात नाण्याच्या वरच्या बाजूला करा. हलके टेकवले तर खरखर येणारच. ती तिसऱ्या स्वरासाठी राखून ठेवायची आहे. पातळ नाण्याऐवजी नदीतला गुळगुळीत, चपटा दगड घेतलात तर पकड सोपी होईल.

रानवाटा :
रंगीत पट्ट्यांची काठी पर्यटकांसाठी केलेली असते. बिरिबा या झाडाच्या लाकडाची नवी काठीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मांडवीकाठ :
दोरी घट्ट केली आणि भोपळा खाली आणला. वरचा स्वर आता वेगळा, नेमका ऐकू येतो. मोकळा स्वर मात्र अजून कोंडल्यासारखा वाटतो.

तारषड्ज :
भोपळ्याचे तोंड आपण पोटाला चिकटवून धरत असाल. मोकळ्या स्वराच्या वेळी ते दूर करा. उघडझाप करूनच आवाजाला वळण देतात. तसेच त्या क्षणी दगड तारेला मुळीच लागता कामा नये.

रविवारी गुंगा बहुधा आपल्याकडे येणार नाही, कारण होदाचे नेतृत्व त्याच्याकडे असते. मेदिओ मिळाला तर गुंगावरील 'अंगोला' नावाच्या ठेक्याचा उलट क्रम म्हणजे 'साओ बेंतो पेकेनो' हा ठेका वाजवावा लागेल : दोन खरखरी, मग दाबलेला वरचा स्वर, मग मोकळा. आजपासून तेवढाच ठेका संथ लयीत घोटा आणि काशिशी (विणलेला छोटा खुळखुळा) हातात घेऊनच घोटा, कारण तिच्या वजनाने उजव्या मनगटाची चाल बदलते.

मांडवीकाठ :
काशिशी मधल्या बोटांत अडकवायची की चारही बोटांत?

भीमातीर :
मधले बोट आणि अनामिका यांत. वाजवायची काठी अंगठा व तर्जनीत मोकळी फिरली पाहिजे.