मदत हवी आहे: लाइटवेट डबल स्कल्स (हलक्या वजनाच्या दोघांची रोइंग बोट, प्रत्येकाकडे दोन वल्ही), मिनिटाला ३४ स्ट्रोकच्या वर गेलं की बोट उजव्या हाताकडे पडते

पुरुष लाइटवेट डबल, अंतर २००० मीटर. वजनं ७१.२ आणि ६८.६ किलो, म्हणजे सरासरी ६९.९ (मर्यादा सरासरी ७०, एकाचं जास्तीत जास्त ७२.५). वजनाचा प्रश्न नाही, बोटीचा आहे.

स्पॅन (दोन्ही गेटमधलं, म्हणजे वल्हं अडकवायच्या खोबणींमधलं अंतर) १५९ सेंमी, वल्हं २८७, इनबोर्ड (वल्ह्याचा गेटच्या आतला, हाताकडचा भाग) ८८, पिच (पात्याचा कल) दोन्हीकडे ४ अंश. मुठी एकमेकींवरून जाताना डावा हात वर, उजवा खाली. मिनिटाला २८-३० स्ट्रोकला बोट सपाट धावते. ३४ ओलांडलं की हात पुढे जाताना, नेमके गुडघ्यांवरून पार होतानाच, बोट उजव्या हाताच्या बाजूला पडते. बो सीटवाल्याच्या (बोटीच्या नाकाकडे बसणाऱ्याच्या) उजव्या हाताच्या मागच्या बाजूला डाव्याची नखं लागून सोललंय, ती खूण बरंच सांगते.

दोन्ही गेटच्या उंचीतला फरक मोजला तर स्ट्रोक सीटला (दुसऱ्या, लय ठरवणाऱ्या जागेला) १.५ सेंमी, बो सीटला जेमतेम ०.८. माझा अंदाज असा: जागा कमी म्हणून डावा हात वर उचलला जातो, उजवा दाबला जातो, आणि जो हात खाली त्या बाजूला बोट बसते.

आता विचारायचंय ते हे. बो सीटचा डावा गेट वॉशर बदलून वर घ्यावा की उजवा खाली? उजवा उतरवला तर लाटेत वल्हं पाण्यातून निघायला अडेल अशी धास्ती आहे. की इनबोर्ड ८७.५ करून ओव्हरलॅपच (मुठी एकमेकींवर येण्याचं अंतर) कमी करावा? त्याने लोड (ओढण्याचा भार) वाढेल, शेवटच्या ५०० मीटरला ते झेपेल का? हलक्या जोडीचं रिगिंग (बोटीची ही मापं लावणं) केलेल्यांनी आपले आकडे द्या. एका वेळी एकच बदल करणार आहे.