बारा हजारात बेस: जळण की कामाची वस्तू?

खर्जवाला
काल सांगलीतल्या विश्रामबागच्या एका पोराने विचारलं, बारा हजारात टिकणारा बेस (खालच्या सुराची चार तारांची गिटार) कुठला घेऊ. त्याला उत्तर मिळालं, "पंचवीस हजाराच्या खालचा बेस म्हणजे जळण, आधी पैसे साठव मग बेसचं नाव काढ." तेव्हापासून डोकं सणकलंय माझं. अहो ज्याच्या घरातनं बारा हजार निघताना मारामार, त्याचे पंचवीस साठेपर्यंत पोराची वाजवायची हौसच मरंल की.

बेस टिकतो तो नावावर नाही, नेकवर म्हणजे तारांखालच्या लांब दांड्यावर टिकतो. चारी तारांची मिळून ओढ सत्तर किलोच्या आसपास असते आणि ती रात्रंदिवस त्या लाकडावर. नेक सरळ असला, ट्रस रॉडचा, म्हणजे नेकच्या आतल्या लोखंडी सळीचा, फिरवायचा नट झिजलेला नसला, की बाकी जॅक (वायर लावायचं भोक), पॉट (आवाज-टोनची बटणं), चाव्या सगळं नंतर बदलता येतं. म्हणून पोरा, नवा स्वस्तातला घेण्यापेक्षा चांगल्या कंपनीचा जुना बघ. ई ची, म्हणजे सगळ्यात जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) एकदम दाबायची आणि मध्ये सातव्या-आठव्या फ्रेटपाशी बघायचं, व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढीच फट पाहिजे. फट जास्त असली तर बहुतेक वेळा रॉड फिरवून कमी होते. पण नेक पिळलेला असला तर फुकट दिला तरी उचलू नको, ते परत सरळ होत नाही. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून बघ, विकणारा कितीही घाई करू दे.

आणि पॅसिव्ह, म्हणजे बिनबॅटरीचा घे. ॲक्टिव्हला नऊ व्होल्टची बॅटरी लागते, वायर जॅकला तशीच लावून ठेवली की ती उतरत राहते आणि ऐन कार्यक्रमात आवाज फाटतो. फेंडरचा प्रिसिजन १९५१ ला आला, १९५७ पासून त्याला दोन तुकड्यांचा पिकअप (तारेचा आवाज पकडणारं चुंबक) आहे, एक व्हॉल्यूम, एक टोन, बास. त्यात बिघडायला आहेच काय?

ऑर्केस्ट्रा_सांगली
जळण म्हणणारा मीच, आणि आजही तेच म्हणतो. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या एका पोराच्या बापाने कर्ज काढून नवा स्वस्तातला बेस आणला. फ्रेटची टोकं बाहेर आलेली, हात सरकवला की बोटं सोलून निघायची, तारा एवढ्या उंच की दाबताना मनगट भरून यायचं. महिन्याभरात पोरगं म्हणालं सर मला जमत नाही. त्याला जमत होतं हो, त्या लाकडाला जमत नव्हतं! तुम्ही जुना घ्या म्हणता, सांगलीत जुने बेस मिळतात कुठं? आणि मिळाला तर सेटअप, म्हणजे तारांची उंची आणि नेक जुळवणं, कोण करणार? पुण्याला न्यायचा म्हणजे जाण्यायेण्याचा खर्च धरून परत तेवढेच पैसे.

तासगावची
पुणे कशाला दादा, मिरज आहे की शेजारी! माझ्या भावाच्या बेसचा नट (रॉडचा नाही, चाव्यांकडची तारांच्या खाचांची पट्टी) तिथल्याच एका सतारमेकरांनी घासून दिला, चहा होईस्तोवर काम झालं. पहिल्या फ्रेटला तार दाबायला जो जोर लागायचा तो गेलाच.

ऑर्केस्ट्रा_सांगली
ताई, सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, सरकवता येतात. बेसचे फ्रेट लाकडात ठोकलेले असतात, तिथं केसभर इकडंतिकडं झालं की सगळा बेस बेसूर. सतारीत ट्रस रॉड असतो का? मग ज्यांनी तो जन्मात बघितला नाही त्यांच्या हातात कशाला द्यायचा? माझ्या मित्राचा नट एकाने एवढा खोल घासला की मोकळी तार फ्रेटवर आपटायला लागली. उगाच मिरजेचं कौतुक सांगू नका.

मिरजेचाच
कौतुक सांगू नका म्हणजे? माझ्या घरात तीन पिढ्या हेच काम चालतंय. सतारीची जवारी काढताना, म्हणजे तारेचा आवाज खुलवताना, तारांखालच्या घोडीवर कानस किती फिरवायची हे कानाने ठरतं, एक हात जास्त पडला की आवाज मेला. त्या हाताला नटची खाच घासायला कोण शिकवणार? २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले, आणि काम द्यायची वेळ आली की पुणे. आमची पोरं हा धंदा सोडून का चाललीत ते असल्या बोलण्यातनं कळतं. सतारीच्या ऑर्डरी रोज येत नाहीत साहेब, गिटारी उघडतो म्हणून महिना निघतो. आणि ट्रस रॉड आम्ही बघितलाय, पाव वळसा फिरवायचा, रात्रभर ठेवायचा, मग परत बघायचं.

कीबोर्डवाला
एवढं भांडताय, पण आजकाल कार्यक्रमात बेसवाल्याला बोलावतंय कोण? कीबोर्डच्या डाव्या हातावर बेस निघतो.

खर्जवाला
निघतो, आणि सगळी गाणी एकसारखी वाजतात. ढोलकीबरोबर बेस कुठं थांबला पाहिजे हे तुमच्या डाव्या हाताला कळत नाही. त्यावर वेगळं भांडू. मिरजेचाच, तुम्ही सतारीतल्या लोकांनी अशी माहिती आधीच लिहायला पाहिजे होती, लोक उगाच पुण्याच्या फेऱ्या मारतात.

ऑर्केस्ट्रा_सांगली
बरं, नट आणि फ्रेटची टोकं मिरजेत करा, तेवढं मान्य. पण रॉडला हात लावणारा बेस उघडलेला माणूसच पाहिजे, आधी विचारून जायचं. आणि नवा स्वस्तातला घेऊ नका हे माझं म्हणणं मी सोडणार नाही.

खर्जवाला
नवा घ्या असं मी कुठं म्हटलंय? वरचं परत वाचा.

ऑर्केस्ट्रा_सांगली
"जळण" शब्द जुन्याला नव्हता माझा. एवढंच.

विश्रामबाग_नवीन
काका, माधवनगरला एकाकडं जुना यामाहा टीआरबीएक्स १७४ आहे, अकरा हजार म्हणतोय. पॅसिव्हच आहे ना हा? नेक सरळ दिसला, कार्डाएवढीच फट आहे. पण व्हॉल्यूम फिरवला की खरखरतोय आणि वायर हलवली की आवाज जातो.

खर्जवाला
पॅसिव्हच आहे. खरखर पॉटमधल्या धुळीची, क्लीनर मारला की बऱ्याचदा जाते. दुसऱ्या वायरने बघ, तरी आवाज गेला तर जॅकचं सोल्डरिंग सुटलंय, रेडिओ दुरुस्तीवालासुद्धा करून देईल. दोन्ही दाखवून हजार कमी कर म्हणावं.

मिरजेचाच
घेतलास की घेऊन ये, नट बघून देतो. ई ची तार आधी नवी टाक, जुन्या तारेवर खाच मापू नये.