मदत हवी आहे : गावठाण पुरत नाही, पलीकडे वाघाची वाट

नमस्कार मंडळी. गाव नागभीड तालुक्यात, घोडाझरी अभयारण्याला लागून. वाटण्या होऊन घरामागच्या सांदवाडीतही चुली मांडल्यात. घरकुलं मंजूर, पण जागाच नाही. ग्रामसभेत सगळ्यांचं बोट बोडीच्या (लहान तळ्याच्या) पलीकडच्या झुडपी जंगलाकडे, म्हणजे सरकारी नोंदीतल्या खुरट्या झुडपांच्या जमिनीकडे. तिथल्या चिखलात वाघाचे पंजे उमटलेले असतात, ताडोब्याकडून येणारी हीच वाट. शिवाय मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं झुडपी म्हणजे वनच; १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वाटपांना तेवढं संरक्षण. (सरपंच म्हणतात, बघून घेऊ. काय बघणार?)

घरकुलासाठी जागा घ्यायला दीनदयाळ उपाध्याय योजनेतून अनुदान मिळतं. त्यातून गावाला लागून शेताचा तुकडा कुणी घेतलाय का? अकृषक परवानगीचं कसं केलं? की जुन्याच घरावर मजला चढवला? पुढच्या ग्रामसभेआधी कळवा.