रिटायरमेंटनंतर बर्फाच्या गावात राहायचं म्हणतो: मनाली, औली की गुलमर्ग?

संत्रावाले_काका
नमस्कार मंडळी. मी 63, बायको 60, दोघंही मागच्या वर्षी रिटायर झालो, पोरगा बंगलोरला, मनीषनगरात फ्लॅट आहे. पण खरं सांगू का, मे महिन्यातलं नागपूर आता झेपत नाही, 45-46 मध्ये कूलरसमोर बसून दिवस ढकलायचे, संध्याकाळी सात वाजताही गच्चीवर पाय ठेववत नाही. दोन वर्षांआधी मनालीजवळच्या सोलंगला गेलो होतो, तिथं बायकोनं आयुष्यात पहिल्यांदा पायात स्की घातल्या, चार वेळा आपटली आणि पाचव्या वेळी सरळ खालपर्यंत घसरत गेली, तेव्हापासून तिचं एकच, आपण इथंच राहायला येऊ. मी हसण्यावारी नेत होतो आणि आता मीच रात्री बारा वाजता मोबाइलवर प्लॉट पाहून राहिलो. बजेट 40 लाख. मला बीपीची गोळी चालू आहे, तिचा एक गुडघा कुरकुरतो. काटोलला वडिलोपार्जित संत्र्याचा बगीचा आहे, म्हणजे सातबारा आहे, त्यामुळे तिकडे शेतजमीन घ्यायला अडचण येऊ नये असं वाटते. राहून आलेल्यांनीच सांगा, तीन दिवसांच्या टूरवाल्यांनी नका सांगू प्लीज.

बर्डीवाला
काका, काटोलचा सातबारा काटोलातच ठेवा 😀 हिमाचलात 1972 च्या जमीन कायद्यातलं कलम 118 आहे, त्यात शेतकरी म्हणजे हिमाचलात स्वतः जमीन कसणारा, बाकी आपण सगळे बाहेरचे, मग इकडे शंभर एकर असो. सरकारच्या परवानगीशिवाय जमीन नावावर होत नाही. तिथले दलाल म्हणतात लोकल माणसाच्या नावावर घेऊ, आपसात कागद करू. त्या भानगडीत पडू नका, पकडलं गेलं की जमीन सरकारजमा, आणि तुमचे 40 लाख मागायला कोणाकडे जाणार? रात्रीचं प्लॉट पाहणं बंद करा, भाड्याचं घर पाहा.

नग्गर_रिटर्न
भाऊ, आम्ही दोघं दोन हिवाळे काढून आलो, त्यामुळे थोडं लांबण लावते.

पहिल्या वर्षी आम्हीपण तुमच्यासारखंच, बर्फ खिडकीतून दिसला पाहिजे म्हणून जुन्या मनालीच्याही वरच्या अंगाला घर घेतलं. नोव्हेंबरात स्वर्ग. जानेवारीत नळ गोठला की सकाळी अकरापर्यंत पाणी नाही, बर्फ पडला की लाइट दोन-दोन दिवस गायब, मग गीझर बंद, हीटर बंद, आणि सगळी मदार तंदूरवर. तिकडे तंदूर म्हणजे रोटीचा नव्हे, खोलीत ठेवतात ती लाकडाची लोखंडी शेगडी, तिच्यासाठी लाकूड सप्टेंबरातच भरून ठेवावं लागते हे आम्हाला डिसेंबरात समजलं. घरापासून गाडीपर्यंत अर्धा किलोमीटर चढ, त्यावर काचेसारखा बर्फ, आमचे हे तिथंच घसरले आणि मनगट मोडून घेतलं. स्की करताना नाही, दूध आणायला जाताना! घरमालकानं सहा महिन्यांचं भाडं आधीच घेतलं होतं, त्यातला एक रुपया परत नाही दिला, ते वेगळंच.

दुसऱ्या वर्षी खाली नग्गरला आलो. मनालीपासून वीसेक किलोमीटर, उंची साधारण 1,800 मीटर. बर्फ इथंही पडते पण बहुतेक वेळा दोन-चार दिवसांत वितळून जाते. मुख्य गोष्ट ऊन. दरी अरुंद आहे, चुकीच्या बाजूला घर असलं की दुपारीच सावली. नग्गर बियासच्या डाव्या काठावर, तोंड पश्चिमेला, म्हणून संध्याकाळपर्यंत ऊन मिळते. घर पाहायला जाल तेव्हा जानेवारीत दुपारी तीनला जा, मे महिन्यात सगळीच घरं छान दिसतात. भाजीपाला, औषधं खाली पतलीकुहलला. सोलंग गाडीनं तासाभरावर किंवा थोडं जास्त, ताजा बर्फ पडला की जायचं, मजा करायची आणि रात्री गरम घरात परत. आणि नदीकाठचं घर फुकटात दिलं तरी नको, जुलै 2023 मध्ये बियासनं हायवे कसा खाल्ला ते आठवा.

धंतोली_डायरी
औलीचं मीच सांगतो. उतार झकास, 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांमधलं स्कीइंग तिथंच झालं. पण औलीत बारमाही वस्ती कुठं आहे, राहायचं म्हणजे खाली जोशीमठात, आणि तिथं जानेवारी 2023 मध्ये घरांना भेगा पडल्या, रोपवेपण तेव्हा बंद केला. मोठं हॉस्पिटल म्हणजे ऋषिकेशचं एम्स, जवळजवळ अडीचशे किलोमीटर घाटरस्ता. बीपीवाल्या माणसानं हा हिशोब आधी करावा. गुलमर्गचा बर्फ सगळ्यात भारी, पण गावच 2,600 मीटरच्या वर आणि गोंडोला म्हणजे तिथला रोपवे तर 3,900 च्या वर नेते, आपलं नागपूर 310 वर. सुट्टीला जा, राहायला नको. आणि बर्फाची गॅरंटी कुठंच नाही, 2024 च्या जानेवारीत गुलमर्ग महिनाभर कोरडं होतं.

बर्डीवाला
एक बेसिक डाउट. काका पळून राहिले मे महिन्यापासून, बर्फ पडते जानेवारीत. जानेवारीत तर नागपूर सोन्यासारखं असते, हुरडा, संत्री, सकाळची थंडी, ते सोडून तुम्ही गोठलेला नळ पाहत बसणार?

संत्रावाले_काका
हे बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली हुरडा दरवर्षी खाल्ला, गुडघा दरवर्षी असा राहणार नाही 😄 पण बर्डीवाला भाऊ, मुद्दा पटला. आता असं ठरवून राहिलो, प्लॉट कॅन्सल. एप्रिल ते जून नग्गरकडे भाड्यानं, जमलं तर फेब्रुवारीत तीन आठवडे वेगळे, फक्त तिच्या स्कीसाठी, बाकी वर्ष मनीषनगर. नग्गरवाल्या ताई, तीन महिन्यांसाठी भाड्यानं देतात का लोक, की वर्षाचंच घ्यावं लागते? आणि तिकडे तुरीची डाळ मिळते का, की इथूनच न्यावी?

नग्गर_रिटर्न
तीन महिन्यांचं मिळते, पण सीझनमध्ये भाव चढा, फेब्रुवारीत जाल तेव्हाच बोलून ठेवा. डाळ पतलीकुहलला मिळते. तिखट मात्र भिवापूरचं इथूनच न्या.