विषय: उत्तर: औशात कॅराव्हॅनच्या दाराला करंट (तातडीचं)

श्रीकांत:
मंडळी, औशाजवळच्या शेतातल्या आखाड्यावरून लिहायलोय, रेंज जात-येत आहे. दादाच्या मित्राची कॅराव्हॅन आणली, पहाटे तुळजापूरला निघायचंय. लाइट बोरच्या खोलीतल्या सॉकेटवरून घेतलीय. एसी लावला की नुसता गुरगुरतो आणि बंद पडतो. त्यात आईनं अनवाणी उभं राहून दाराची मूठ धरली, तर हाताला झिणझिण्या. चपला घातल्या की काही नाही. दादा म्हणतोय, एवढं चालतंय. अनिलदादा, तिकडं अमेरिकेत मंडळाच्या पिकनिकला पेडेस्टल (कॅराव्हॅनला लाइट द्यायचा खांब) तुम्हीच दुरुस्त केलं होतं ना?

अनिल:
आधी प्लग काढ, मग पुढचं वाच. एवढं अजिबात चालत नाही. गाडी रबरी टायरवर उभी, जमिनीशी संबंध तुटलेला. अर्थची वायर तुटकी असली की आतल्या चार्जरच्या फिल्टरमधून पत्र्यावर जवळपास निम्मं व्होल्टेज चढतं, आणि अनवाणी माणूस स्वतःच अर्थ होतो. सॉकेटला मल्टिमीटर लाव, जपून. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ सारखंच यायला हवं, न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्ट. फेज-अर्थ शंभरच्या आसपास नाचत असेल तर अर्थ नाहीच समज.
आणि पेडेस्टल दुरुस्त वगैरे काही नव्हतं. ब्रेकर पडला होता, मी वर केला.

मेधा:
पडणारच! 30 अँपिअर गुणिले इथले 120 व्होल्ट म्हणजे 3600 वॅट. त्यावर एसी, मायक्रोवेव्ह आणि साबुदाण्याच्या वड्यांची इलेक्ट्रिक कढई, तिन्ही एकदम. मी तेव्हाच म्हटलं होतं. बरं, मंडळाचा सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजच्या झटक्यापासून वाचवणारा) गणपतीपासून कोणाकडे आहे? श्रीकांत, तू तर नाही ना नेलास?

पिकनिक समिती:
ही श्रीकांतची खाजगी सहल आहे, समितीचा संबंध नाही. कढईचा विषय मागच्या बैठकीत संपला आहे. यंदा 50 अँपिअरची जागा समितीच घेईल, कोणी परस्पर बुकिंग करू नये. 50 मध्ये 120 च्या दोन लाइन येतात, म्हणजे 12000 वॅट. "30 च्या दुप्पटही नाही" असं पुन्हा कोणी लिहू नये.

अनिल:
मेधाताई, तो प्रोटेक्टर 120 व्होल्टचा. औशात लावला असता तर धूरच.
श्रीकांत, 16 गुणिले 230 म्हणजे 3680. तुझं सॉकेट आपल्या 30 अँपिअरच्या पेडेस्टलइतकंच आहे, वॅट कमी पडत नाहीत. वायर किती लांब, किती जाड?

श्रीकांत:
60 मीटर, दीडची (दीड चौरस मिमी). निम्मी रिळावरच आहे. व्होल्टेज 205, एसी लागताना 170. फेज-अर्थ 112.

अनिल:
मग दोन्ही उत्तरं तूच दिलीस. दीडच्या तांब्याच्या वायरीत 60 मीटर जाऊन-येऊन 15 अँपिअरला 20-22 व्होल्ट गळतात. कॉम्प्रेसर सुरू होताना करंट त्याहून किती तरी जास्त. चारची वायर आण, गळती 8 वर येईल. आणि रीळ पूर्ण सोड. गुंडाळलेली वायर आतल्या आत तापून वितळते.

बाळासाहेब काका:
अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी घातलंय का कोणी? मे महिन्यात आपली काळी माती भेगाळते, कोळसा-मीठ टाकलं तरी कोरडा खड्डा काही कामाचा नाही. आमच्या बीडकडं खड्ड्यात रोज घागर ओतायचे. अर्थात 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं खड्ड्याला कुठून घालणार म्हणा.

श्रीकांत:
काका, घागर घेऊनच गेलो होतो. खड्डा ठीक आहे, तारही वर आलीय, पण भिंतीतल्या खिळ्याला गुंडाळून ठेवलीय. सॉकेटपर्यंत पोचलीच नाही! दादा म्हणतो, बोर घेतल्यापासून अशीच आहे. सकाळी वायरमन येतोय, चारची वायर आणि आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) लातूरहून. तुळजापूर एक दिवस पुढं. आज सगळं बॅटरीवर. 12 व्होल्टचे दिवे आणि पाण्याची मोटर चालते, एसी नाही. आई बाहेर बाजेवर कधीच झोपली.

मेधा:
म्हणजे प्रोटेक्टर तुझ्याकडे नाही. मग कोणाकडे आहे?